रेसची रोड बाईक आणि एन्ड्युरन्स रोड बाईक: हँडल सारखं, बसणं वेगळं

पहिली रोड बाईक घ्यायची आहे, बजेट ६० हजारांच्या आतबाहेर, रविवारी पणजीहून ओल्ड गोवामार्गे फोंड्याला जाऊन यायचंय, आणि मान-कंबर धरायला नको. असं कुणी म्हटलं की तीन सल्ले हमखास येऊन पडतात. हायब्रिड घे. जेलची सीट बसव. एक साइझ मोठी घे. पहिला सल्ला निदान प्रामाणिक आहे, दुसरा निरुपयोगी आहे, आणि तिसऱ्याने मी लोकांचे खांदे आखडलेले पाहिलेत. वाकड्या हँडलच्या सायकलींतच दोन जाती असतात, एक रेसची आणि दुसरी लांब पल्ल्यावर आरामात बसायची एन्ड्युरन्स, आणि दुकानात त्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

हायब्रिड तुम्ही चालवलेली असणार. सरळ हँडल, हात धरायला एकच जागा, तासाभराने तळवे मुंग्यांनी भरतात. चोडण-दिवाडीला फेरीबोटीने जाऊन गाव फिरून यायला ती उत्तम. रोज लांब पल्ला मारायचा तर हात बदलायला दोन-तीन जागा हव्यात, आणि त्या वाकड्या हँडलवरच मिळतात. वाकडं हँडल म्हणजे वाकलेली पाठ, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. पाठ किती वाकणार हे हँडलच्या आकारावर नव्हे, हँडल कुठे आहे त्यावर ठरतं.

हँडल कुठे आहे हे फ्रेम ठरवते. पेडलचा मधला आस, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, इथून सरळ वर मोजत हँडलखालच्या नळीच्या डोक्यापर्यंतची उंची म्हणजे स्टॅक. तिथूनच त्या डोक्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. दोन आकडे, बस. कंपनीच्या वेबसाइटवर जॉमेट्रीच्या तक्त्यात ते छापलेले असतात, आणि सायकल घेणारा नेमका तोच तक्ता सोडून बाकी सगळं वाचतो.

५४ नंबरच्या रेस फ्रेमचा स्टॅक साधारण ५४५ मिलिमीटर असतो आणि रीच ३८५. त्याच नंबरच्या एन्ड्युरन्स फ्रेमचा स्टॅक ५७० ते ५७५ आणि रीच ३७५. फरक कागदावर हास्यास्पद वाटतो. तीन सेंटिमीटर उंच, एक सेंटिमीटर जवळ, एवढ्यासाठी कशाला डोकं खायचं? कारण बांबोळीचा चढ संपेपर्यंत हे तीन सेंटिमीटर मानेच्या मागच्या स्नायूंना मोजावे लागतात. हँडल खाली आणि लांब असलं की धड पुढे झुकतं, वजन हातांवर येतं, आणि रस्ता दिसावा म्हणून मान मागे मोडून ठेवावी लागते. तंगड्या थकायच्या आधी मान थकते. रोज ऑफिसात खुर्चीवर आठ तास काढणाऱ्याच्या मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतात. त्याला ती बैठक पेलवत नाही, आणि तो म्हणतो, रोड बाईक आपल्याला सोसत नाही.

आता तो मोठ्या साइझचा सल्ला. रेस फ्रेममध्ये हँडल खाली वाटतंय ना, मग ५४ ऐवजी ५६ घ्या. वर वर पाहता बरोबर: ५६ चा स्टॅक ५६५ च्या घरात जातो, म्हणजे एन्ड्युरन्स ५४ च्या जवळपास. पण रीचही वाढून ३९५ होतो. तुम्हाला हवं होतं उंच आणि जवळ. मिळालं उंच आणि लांब, एन्ड्युरन्सपेक्षा तब्बल दोन सेंटिमीटर लांब. हात ताणले जातात, कोपर सरळ अडकतं, आणि खड्ड्यातला प्रत्येक दणका कोपरात न जिरता खांद्यात जातो. मग दुकानदार उपाय म्हणून सीट पुढे सरकवतो. माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते इथे. सीटची जागा पेडलच्या हिशोबाने ठरते, हँडलच्या नव्हे. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे ओढली की गुडघे पेडलच्या फार पुढे जातात आणि मानेचं दुखणं गुडघ्यात उतरतं. साइझ ही तुमच्या उंचीची बाब. बैठक ही फ्रेमच्या जातीची बाब. एकीने दुसरीचं काम होत नाही.

थोडीफार दुरुस्ती करता येते, पण तिची मर्यादा ओळखून. स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कच्या दांड्याशी जोडणारा तुकडा, उलटा बसवला, म्हणजे खाली झुकलेला वर केला, की १०० मिलिमीटरच्या नेहमीच्या स्टेमवर हँडल साधारण दोन सेंटिमीटर उठतं. स्टेमखाली स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, घालता येतात, तेही फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) दांडा पुरेसा लांब असेल तरच. जुन्या रेस बाईकचा दांडा आधीच्या मालकाने झोकात दिसावं म्हणून कापलेला असतो, आणि कापलेला दांडा वाढत नाही. म्हणून नवी सायकल घेताना दुकानात ठणकावून सांगा: दांडा कापायचा नाही, स्पेसर काढायचे नाहीत. खाली दाबलेला स्टेम फोटोत छान दिसतो, एवढाच त्याचा उपयोग.

सेकंडहँड पाहायला गेलात आणि तक्ता मिळाला नाही तर टेप न्या. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करा, मागचं चाक भिंतीला टेकवा. जमिनीपासून नळीच्या डोक्याची उंची वजा बॉटम ब्रॅकेटची उंची, हा स्टॅक. भिंतीपासून नळीच्या डोक्याचं अंतर वजा बॉटम ब्रॅकेटचं अंतर, हा रीच. विकणारा विचित्र नजरेने बघेल. बघू द्या. स्टॅकला रीचने भागून उत्तर दीडच्या वर आलं तर बैठक आरामाची, १.४५ च्या खाली गेलं तर रेसची.

नावंही पाठ करून ठेवा, कारण जाहिरातीत दोन्हींना नुसतं रोड बाईक म्हणतात. ट्रेकची डोमाने आरामाची, एमोंडा रेसची. जायंटची डिफाय आरामाची, टीसीआर रेसची. स्पेशलाइज्डची रुबे इकडे, टारमॅक तिकडे. यांतल्या बऱ्याच नव्या तुमच्या बजेटबाहेर आहेत, पण जुन्या बाजारात हीच नावं भेटणार. डेकॅथलॉनची ट्रायबन आरामाच्या बैठकीची, आणि या पैशांत मी तिच्यापासूनच सुरुवात करायला सांगतो.

जेलच्या सीटबद्दल एकदाच. आपला पदेर पाव घेऊन येतो त्या सायकलवर तो ताठ बसतो, सगळं वजन बुडावर, म्हणून त्याला रुंद, स्प्रिंगची सीट शोभते. रोड बाईकवर तुम्ही झुकलेले असता, वजन हात आणि पायांतही वाटलेलं असतं. तिथे मऊ, रुंद सीट मांड्यांना घासते आणि जेल दबून नको तिथे दाब देतं. बसायच्या हाडांना पेलेल एवढी रुंद, जरा टणक सीट आणि पॅडची चड्डी, विषय संपला.

फ्रेमनंतर मी टायरची जागा बघतो. जुन्या रेस फ्रेममध्ये बहुधा २५ मिलिमीटरच्या पुढचं टायर जात नाही; एन्ड्युरन्समध्ये ३२ सहसा बसतं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर रस्त्यांची काय दशा असते ते सांगायला नको. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, आणि आराम त्या हवेतूनच येतो, कार्बनच्या फोर्कमधून नव्हे.

गियरवर लोक तासन् तास भांडतात: शिमानोचा आठ गियरचा क्लॅरिस संच की नऊचा सोरा. काही फरक पडत नाही. पुढे ३४ दात आणि मागे सगळ्यात मोठी चकती ३२ दातांची आहे का, एवढं बघा. केरीहून चोर्ला घाट चढताना नववा गियर आठवणार नाही, मागची २८ ची चकती मात्र शिव्या खाईल.

एन्ड्युरन्सचा तोटा? आहे. रायबंदरच्या कॉजवेवर समोरून वारा सुटला की उंच बसलेल्याला तो जास्त लागतो, आणि मागून कुणीतरी हँडलवर आडवं पडून पुढे निघून जातं. मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ या पोहणं-सायकल-धावणं शर्यतीतले सायकलचे ९० किलोमीटर वेळेत मारायचे असतील, अंग लवचीक असेल, तर रेस फ्रेम घ्या, मी अडवणार नाही. बाकीच्यांनी दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन चकरा मारून होकार देऊ नये. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून पंधरा मिनिटं सलग चालवा. कोपर आपोआप वाकलेलं राहतंय का, आणि मान न ताणता समोरचा रस्ता दिसतोय का, ते बघा. एकाच किमतीत दहा गियरची रेस आणि आठ गियरची एन्ड्युरन्स समोर उभ्या असतील तर मी डोळे मिटून आठवाली घेईन, आणि पैसे उरलेच तर हवेचा काटा असलेला पंप. टायर अंगठ्याने दाबून ‘ठीक आहे’ म्हणायची सवय मला बघवत नाही.