ॲनिलिंग आणि टफनिंग: काच निववण्याच्या दोन रीती

“भट्टीतून काढलीय ना, मग टफनच झाली की!” फ्यूज्ड काचेची, म्हणजे काचेचे थर भट्टीत वितळवून एकजीव केलेली, ताटली पाहणारे हमखास असं म्हणतात. मातीचं भांडं भाजलं की पक्कं होतं. काचेचा पक्केपणा मात्र ती निववली कशी यावर ठरतो, आणि या दोन रीतींचा परिणाम अगदी उलटा आहे.

टफनिंग, म्हणजे काच झटकन निववून मजबूत करणं, कारखान्यात होतं. काच सुमारे 620 ते 650 अंशांपर्यंत तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग लगेच घट्ट होतो. आतला भाग मागाहून आकसताना पृष्ठभागाला आत ओढतो, त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. म्हणजे इथे ताण मुद्दाम भरलेला असतो. अशी काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते, पण नंतर ती कापता येत नाही. फुटली की तिचे बारीक दाणे होतात.

ॲनिलिंगमध्ये, म्हणजे काच सावकाश निववताना, ताण उलट काढून टाकायचा असतो. तीन मिलिमीटरचे दोन थर 800 अंशांच्या थोडं वर एकजीव झाले, की काम झालं असं वाटतं. खरी परीक्षा पुढे असते. कडा आधी निवतात, मध्य उशिरा, आणि या फरकाचा ताण आत कोंडून राहतो. म्हणून उतरतीला तापमान एका जागी धरून ठेवतात, म्हणजे सगळी काच सारखी होते. बुल्सआय या कंपनीच्या काचेसाठी ती जागा 482 अंश. जाडी 12 मिलिमीटर असेल तर दोन तास धरायचं, मग 427 अंशांपर्यंत तासाला 55 अंशांनी उतरायचं. 25 मिलिमीटरला चार तास, आणि उतरणं तासाला फक्त 15 अंशांनी. जाडी दुप्पट झाली तर निववायला दुपटीहून कितीतरी जास्त वेळ लागतो. नवशिक्यांचा घात इथेच होतो. माझी एक जाड ताटली भट्टीतून अखंड निघाली आणि तिसऱ्या दिवशी कपाटात, कुणी हात न लावता, तडकली. अजून हळहळ वाटते.

एक गोष्ट मात्र ॲनिलिंगच्याही हातात नाही. सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते याचा आकडा. 90 आणि 96 सीओईच्या काचा एकत्र वितळवल्या तर दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. तो ताण कितीही सावकाश निववलं तरी जात नाही.

गाडीच्या फुटलेल्या टफन काचेचे दाणे भट्टीत घालता येतात का? येतात. तापल्यावर त्यांचा टफनपणा जातो आणि ती साधी काच होते. मग तिलाही ॲनिलिंग लागतंच.

ताण उरला आहे का, हे घरी पाहता येतं. लॅपटॉपचा पडदा कोरा पांढरा ठेवा, पोलराइज्ड गॉगल फिरवत तो काळा दिसेपर्यंत आणा आणि मध्ये पारदर्शक काच धरा. नीट निववलेली काच काळीच राहते. ताण असेल तिथे उजेड दिसतो. तशी ताटली कुणाला भेट देऊ नका, पुन्हा भट्टीत ठेवा.