आखाजीच्या उन्हात फोन पारखताना

चोपड्याचा माझा मावसभाऊ नाना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी भर दुपारी तापी ओलांडून जळगावला आला. मोटारसायकलच्या हँडलवरच्या स्टँडमधून फोन काढून त्यानं माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, हाऊ फोन भलता तपस." फोन खरंच हातात धरवत नव्हता. पडद्यावर तापमान वाढल्याची सूचना होती आणि कॅमेरा उघडायला तयार नव्हता. मागचं झाकण एका कोपऱ्यात किंचित वर आलं होतं. घेऊन जेमतेम दोन वर्षं झालेली.

आधी तो फोन बंद करून सावलीत फरशीवर ठेवला. झाकण उचललं जाणं म्हणजे आतली बॅटरी फुगलेली असणं. असा फोन दाबायचा नाही, पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही, सरळ सर्व्हिस सेंटरला द्यायचा. मग चहा झाला आणि नानानं खिशातून तीन फोनांची माहितीपत्रकं काढली. बजेट वीस हजारांच्या आत. काम काय, तर केळीच्या बागेचे फोटो, ई-पीक पाहणी (पिकाची फोनवरून करायची सरकारी नोंद), बाजारभाव, मुलीचा अभ्यास आणि रात्री थोडे व्हिडिओ. पत्रकांवर मेगापिक्सेल, वॉट, निट्स, नॅनोमीटर असे आकडेच आकडे होते. "यातला कोणता खरा धरायचा?" हा त्याचा प्रश्न होता.

आकडे खोटे नसतात. पण बॅटरीची क्षमता असो की प्रोसेसरचा वेग, हे सगळं साधारण २५ अंशांच्या खोलीत मोजलेलं असतं. बहुतेक फोनांच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. आपल्याकडे ही मर्यादा मार्चमध्येच ओलांडली जाते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि तोही सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकावरचा. उन्हात उभ्या मोटारसायकलचं हँडल त्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणून खानदेशात फोन घेणाऱ्यानं प्रत्येक आकडा मनातल्या मनात उन्हात नेऊन वाचला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

फोनला पंखा नसतो. प्रोसेसर, पडदा, मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग) यांनी तयार केलेली उष्णता काचेतून आणि पाठीतून बाहेरच्या हवेत जाते, आणि ती जाते तापमानातल्या फरकामुळे. पांझराकाठच्या फडातलं पाणी जसं उतारानंच पुढच्या वावरात जातं, तसंच हे. उतार कमी झाला की धार बारीक होते. समजा, फोन स्वतःची पाठ ४५ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवून बसला आहे. खोलीत २५ अंश असतील तर फरक २० अंशांचा. खोलीत ४० अंश असतील तर फरक उरतो फक्त ५ अंशांचा, म्हणजे उष्णता बाहेर जाण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. हवाच ४५ अंशांची झाली तर उतारच संपला. मग फोनकडे एकच उपाय राहतो. तो प्रोसेसरचा वेग कमी करतो, पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो. नाना ज्याला फोन 'हँग' होणं म्हणत होता, ते बऱ्याच अंशी हेच होतं.

म्हणून वीस हजारांतला प्रोसेसर निवडताना तो किती जोरात पळतो यापेक्षा तेवढंच काम करताना किती कमी तापतो, हे पाहावं. नॅनोमीटरचा आकडा इथे उपयोगी पडतो. आज तो आकडा चिपमधल्या कुठल्याही भागाचं खरं माप राहिलेला नाही, ते चिप बनवण्याच्या तंत्राच्या पिढीचं नाव झालं आहे. पण ४ नॅनोमीटरच्या पिढीतली चिप सहसा १२ नॅनोमीटरच्या पिढीतल्या चिपपेक्षा त्याच कामाला बरीच कमी वीज खाते, आणि न खाल्लेली वीज म्हणजे न तयार झालेली उष्णता. काही फोनांत 'व्हेपर चेंबर' असतं. ती तांब्याची चपटी, बंद डबी असते आणि तिच्यात थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरजवळ पाण्याची वाफ होते, गार बाजूला जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते परत फिरतं. माठ पाझरून गार होतो, त्यातलं निम्मं तत्त्व हेच, फक्त इथे पाणी बाहेर जात नाही. या डबीनं उष्णता फोनभर पसरते आणि एकाच जागी चटका बसत नाही. मात्र हवाच तापलेली असेल तर पसरलेली उष्णताही बाहेर जाणार नाही. फोनचं परीक्षण वाचताना वीस मिनिटांच्या ताण चाचणीनंतर वेग किती टक्के टिकला, हा आकडा शोधा. पहिल्या मिनिटाच्या गुणांपेक्षा तो जास्त खरं सांगतो.

आता बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या बॅटरीत लिथियमचे आयन दोन ध्रुवांमध्ये ये-जा करतात. ग्राफाइटच्या ध्रुवावर पहिल्या काही चार्जिंगमध्येच एक अतिपातळ थर तयार होतो. तो थर लागतोच, कारण तो आतल्या द्रवाचं पुढचं विघटन रोखतो. पण उष्णतेत तो वाढतच जातो, आणि जाड होताना लिथियम स्वतःत अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. काही उपक्रियांतून वायूही सुटतात, आणि बंद पाकिटातल्या वायूला फुगण्याशिवाय जागा नसते. नानाच्या फोनचं झाकण उचललं गेलं ते यामुळे. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुपटीवर जातो.

यात चार्ज किती आहे यानं फार फरक पडतो. पूर्ण भरलेली बॅटरी रासायनिकदृष्ट्या सर्वांत अस्वस्थ असते. १०० टक्के चार्ज आणि मे महिन्यातली दुपार, ही जोडी तिला सर्वांत जास्त छळते. शिवाय बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या ४५ अंशांपर्यंतच चार्ज कराव्यात अशी शिफारस असते. दुपारी फोन चार्जच होत नाही अशी तक्रार आपण करतो, तेव्हा फोन खरं तर बॅटरी वाचवत असतो. नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे का, हे दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन पाहा. उन्हाळ्यात पहाटे चार्जिंग करा. फोन फ्रीजमध्ये मात्र कधीच ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी साचतं.

क्षमतेच्या आकड्याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब सांगतो. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्यावर दोन तास जळेल. एवढ्यावर आपण दिवसभर जगाशी बोलतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. अलीकडे या किमतीतही ६००० आणि ७००० चे आकडे दिसू लागले आहेत, ते बरेचदा सिलिकॉन-कार्बन बॅटरीमुळे. ग्राफाइटचा एक ग्रॅम जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतो. सिलिकॉनची तात्त्विक क्षमता त्याच्या नऊ-दहा पट आहे. अडचण अशी की लिथियम घेताना सिलिकॉन तिपटीहून अधिक फुगतं आणि त्याला तडे जातात. म्हणून ते कार्बनच्या सांगाड्यात थोड्या प्रमाणात मिसळतात. आपल्याकडे मोठी बॅटरी घेण्याचं माझं कारण वेगळं आहे. ती मोठी असेल तर ८० टक्क्यांवर थांबवूनही दिवस निघतो.

फास्ट चार्जिंगवर नाना फार भाळला होता. ८० वॉट, अर्ध्या-पाऊण तासात फोन भरला. एकाच तारेतून दुप्पट प्रवाह नेला तर उष्णता चौपट होते, त्यामुळे कंपन्या बॅटरीचे दोन भाग करणं, व्होल्टेज वाढवून प्रवाह कमी ठेवणं असे उपाय करतात, आणि ते चांगले आहेत. तरी ४२ अंशांच्या खोलीत फोन तो वेग स्वतःहूनच कमी करतो. ज्या सोयीसाठी जास्तीचे दोन हजार मोजायचे, ती ऐन उन्हाळ्यात पूर्ण मिळणार नाही, एवढं धरून ठरवावं.

पडद्याचं थोडक्यात सांगतो. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो आणि साधी काच त्यातला चार टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकते. आतल्या चित्राला या चकाकीशी झगडावं लागतं. पत्रकावर '३००० निट्स' (निट म्हणजे उजळतेचं एकक) लिहिलेलं असतं ते शिखर बहुधा पडद्याच्या छोट्याशा भागापुरतं असतं. पूर्ण पडद्याची उन्हातली उजळता किती, हा आकडा वेगळा दिलेला असतो, तो पाहा. अ‍ॅमोलेडमध्ये (यात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, त्यामुळे उजळता वाढवलेली असताना काळी पार्श्वभूमी ठेवली तर वीज आणि उष्णता दोन्ही वाचतात.

कॅमेऱ्याबाबत मला नानाला काही समजावावं लागलं नाही, त्याच्या बागेनंच ते समजावलं. केळीचा घड निसवला की खालच्या काही फण्या छाटतात. जास्त फण्या ठेवल्या तर केळी बारीक राहतात, कमी ठेवल्या तर भरतात. मेगापिक्सेलचं तेच आहे. सेन्सरवर पडणारा प्रकाश तेवढाच असतो, तो जितक्या पिक्सेलांत वाटाल तितका प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. ०.६४ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि १ मायक्रोमीटरचा पिक्सेल यांच्या क्षेत्रफळात जवळपास अडीच पटींचा फरक आहे. म्हणूनच ५० मेगापिक्सेलचे फोन चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात, १०८ वाले नऊ एकत्र करून १२ चा देतात. विचारायचं ते सेन्सरचा आकार किती आणि ओआयएस आहे का. ओआयएसमध्ये भिंग किंवा सेन्सर हलून हाताचा कंप भरून काढतात, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडातही फोटो हलत नाही. दोन मेगापिक्सेलच्या 'मॅक्रो' कॅमेऱ्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पानावरच्या करप्याचा फोटो मुख्य कॅमेऱ्यानं थोडं लांबून, दुप्पट झूम करून काढला तर कृषी खात्याच्या माणसाला ठिपके जास्त स्पष्ट दिसतात.

ओआयएसमधलं हे हलणारं भिंग नाजूक असतं. मोटारसायकलच्या इंजिनाची सततची कंपनं त्याला बिघडवू शकतात, असा इशारा अ‍ॅपलनं २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना दिला होता. हँडलवरच्या स्टँडमध्ये आपला फोन ऊन आणि कंपनं दोन्ही एकदम सोसतो.

नानासारख्यांनी दुर्लक्ष करू नये अशी आणखी एक गोष्ट म्हणजे जीपीएस. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह नोंदवू लागला. फोननं जागा चुकीची दाखवली तर बांधावर उभं राहून पुन्हा पुन्हा खटपट करावी लागते. साधा फोन फक्त १५७५.४२ मेगाहर्ट्‌झची एल-१ लहर ऐकतो. चांगला फोन ११७६.४५ मेगाहर्ट्‌झची एल-५ लहरही ऐकतो. एल-५ मधल्या संकेताचे तुकडे दहापट बारीक असतात, म्हणून उपग्रहाकडून थेट आलेली लहर आणि झाडावरून, भिंतीवरून किंवा डोंगराच्या कड्यावरून उसळून आलेली लहर यांतला फरक फोनला कळतो. दोन वारंवारतांची तुलना करून वातावरणाच्या वरच्या थरात होणारा विलंबही वजा करता येतो. इस्रोचे 'नाविक' (भारताची स्वतःची जीपीएससारखी यंत्रणा) उपग्रहही एल-५ वर संकेत पाठवतात. पत्रकात 'एल-१ + एल-५' असं लिहिलेलं आहे का, ते पाहा.

रेंजचं गणितही लहरींचंच आहे. सातपुड्याच्या डोंगराळ धडगाव-अक्कलकुवा भागात ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्‌झच्या लांब लहरी ३५०० च्या मानानं दूर पोचतात. म्हणून फोनच्या ५जी बँडांच्या यादीत एन-७८ (३५०० चा पट्टा) बरोबर एन-२८ (७०० चा पट्टा) ही असावा. रेंज कमजोर असली की मोडेम जास्त जोरानं प्रसारण करतो आणि फोन तापतो. अशा गावात सेटिंग ४जीवर ठेवलं तर बॅटरीला दिलासा मिळतो.

रॅम ८ जीबी पुरे. 'व्हर्च्युअल रॅम' म्हणजे साठवणुकीतून उसनी घेतलेली संथ जागा, ती मोजणीत धरू नका. साठवणूक ईएमएमसी (जुना, संथ प्रकार) नको, यूएफएस (नवा, वेगवान प्रकार) हवी. आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते लेखी पाहा. १८ हजारांच्या फोनला सहा वर्षं मिळत असतील तर वर्षाला तीन हजार पडतात, १४ हजारांच्या फोनला तीन वर्षं मिळत असतील तर साडेचार हजारांच्या वर. तेवढ्या वर्षांत इथल्या उन्हात बॅटरी एकदा तरी बदलावी लागेल असं गृहीत धरा आणि तिची किंमत फोन घेण्याआधीच अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

संध्याकाळी न जाता आम्ही मुद्दाम दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दुकानात गेलो. दुकानदार समजूतदार होता. त्यानं नमुन्याचे दोन फोन दाराबाहेर उन्हात नेऊ दिले. दोन्हींवर दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवला. एकाचा पडदा सहाव्या मिनिटाला मंद झाला आणि पाठ चटका देऊ लागली, दुसऱ्याचा पडदा वाचता येत राहिला. त्याचे मेगापिक्सेल कमी होते, चार्जरही ४५ वॉटचाच. नानानं तोच घेतला. जाडजूड रबरी कव्हर दाखवलं, ते नको म्हणाला, कारण पाठ झाकली की उष्णता निघायची वाटच बंद.

जाताना त्यानं फोन उपरण्यात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवला. हँडलवरचा स्टँड आमच्या ओट्यावरच राहिला.