जपानविद्येसाठी विद्यापीठीय अर्थसाहाय्य

जपानी भाषा, साहित्य, इतिहास, समाज आणि राजकारण यांचे अध्यापन व संशोधन करणाऱ्या जपानबाहेरील विद्यापीठांना मिळणारी अनुदाने, देणग्या आणि शिष्यवृत्त्या. हा पैसा मुख्यतः जपान सरकार, जपानी उद्योगसमूह, खाजगी न्यास आणि ज्या देशात विद्यापीठ आहे तेथील सरकार यांच्याकडून येतो. विद्यार्थी थोडे, भाषा वर्षानुवर्षे मेहनत मागणारी आणि ग्रंथ परदेशातून आणावे लागणारे. त्यामुळे नुसत्या शुल्कावर असा विभाग तग धरत नाही.

अमेरिकेत या विषयाची उभारणी आधी अमेरिकी पैशावरच झाली. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी जपानी शिकलेले अनेक तरुण पुढे विद्यापीठांकडे वळले. मिशिगन विद्यापीठाने १९४७ मध्ये जपान अभ्यासकेंद्र काढले. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याखाली निकडीच्या ठरवलेल्या पहिल्या सहा भाषांत अरबी, चिनी, रशियन, पोर्तुगीज आणि हिंदी-उर्दू यांच्या जोडीला जपानीही होती. हेतू संरक्षणाचा असला तरी या पैशावर इतिहासकार आणि साहित्याचे अभ्यासकही तयार झाले, हे नोंदवायला हवे.

जपानने स्वतः हात सैल सोडला तो १९७१ च्या धक्क्यानंतर. त्या वर्षी जुलैत अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टोकियोला विश्वासात न घेता चीनभेट जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. आपल्याला नीट ओळखणारी माणसे परदेशांत वाढायला हवीत, असे जपानी राज्यकर्त्यांना तीव्रतेने वाटू लागले. ऑक्टोबर १९७२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत जपान फाउंडेशन स्थापन झाले. त्याच वर्षी मित्सुबिशीने हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाला जपानी कायद्याच्या अभ्यासासाठी १० लाख डॉलर दिले. सुमितोमोने येलला २० लाख दिले. ऑगस्ट १९७३ मध्ये पंतप्रधान काकुएइ तानाका यांनी अमेरिका दौऱ्यात दहा विद्यापीठांना प्रत्येकी १० लाख डॉलर जाहीर केले. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, शिकागो, मिशिगन, बर्कली, स्टॅनफर्ड, वॉशिंग्टन (सिअ‍ॅटल) आणि हवाई ही ती दहा विद्यापीठे. अभ्यासकांत ती ‘तानाका टेन’ म्हणून ओळखली जातात.

या देणगीचे मोल तिच्या रचनेत आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, ते गुंतवायचे आणि उत्पन्नातून दरवर्षी मुद्दलाच्या चार-पाच टक्क्यांइतकी रक्कम वापरायची, अशी अक्षय निधीची रीत असते. १० लाखांवर त्या हिशेबाने वर्षाला चाळीस-पन्नास हजार डॉलर सुटतात. एवढ्यात विभाग उभा राहत नाही, पण ग्रंथखरेदी, काही विद्यार्थ्यांचा जपानमधील उन्हाळी भाषावर्ग, एखाद्या पाहुण्या प्राध्यापकाचा खर्च यांतले काही ना काही दरवर्षी, कोणापुढे नवा अर्ज न करता भागते. वार्षिक अनुदानावर जगणाऱ्या केंद्राला हे स्वास्थ्य लाभत नाही. ग्रंथालयाचेच पाहा. जपानी लेखकाचे चित्रलिपीतले नाव अनेकदा दोन-तीन तऱ्हांनी वाचता येते. अचूक वाचन ठरवून सूचीत नोंद करणारा ग्रंथपाल नसेल तर भेट आलेली पुस्तके खोक्यांतच पडून राहतात. पुस्तके देणारे भेटतात, त्या ग्रंथपालाचा पगार देणारे क्वचितच भेटतात.

हीच अडचण ओळखून जपान फाउंडेशनच्या नव्या प्राध्यापकपदासाठीच्या साहाय्यात एक अट असते. सुरुवातीची काही वर्षे वेतनाचा वाटा फाउंडेशन उचलते, मुदत संपल्यावर ते पद विद्यापीठाने स्वतःच्या अंदाजपत्रकात घ्यायचे. ही अट जाचक वाटली तरी ती रास्त आहे.

अमेरिकी काँग्रेसने १९७५ मध्ये जपान-अमेरिका मैत्री आयोग स्थापन केला. युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेले ओकिनावा परत देताना जपानकडून मिळालेल्या रकमेचा काही भाग त्याच्या निधीत गेला. प्रगत जपानी शिकवणाऱ्या आंतरविद्यापीठ केंद्राला या आयोगाचे साहाय्य मिळत आले आहे; १९६१ मध्ये टोकियोत सुरू झालेले हे केंद्र १९८७ मध्ये योकोहामाला हलले. ब्रिटनमध्ये निस्सान कंपनीच्या देणगीतून १९८१ मध्ये ऑक्सफर्डला जपान अध्ययन संस्था निघाली.

देणगीबरोबर दात्याचा शब्द येतो का, हा प्रश्न पहिल्यापासून विचारला गेला. निप्पॉन फाउंडेशनचे उत्पन्न मोटरबोट शर्यतींवरील जुगारातून येते आणि तिचे संस्थापक र्‍योइची सासाकावा युद्धानंतर संशयित युद्धगुन्हेगार म्हणून तुरुंगात होते, त्यामुळे तिचा पैसा घ्यावा की नाही यावर विद्यापीठांत वाद झाले. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांच्या सरकारने २०१५ च्या सुमारास कोलंबिया, जॉर्जटाउन आणि एमआयटी यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर दिले, तेव्हाही ही शंका निघाली. मात्र २०१५ च्याच मे महिन्यात, युद्धकाळात जपानी सैन्यासाठी लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांच्या प्रश्नावर १८७ अभ्यासकांनी जपानमधील इतिहासकारांच्या पाठिंब्यासाठी खुले पत्र काढले. स्वाक्षरी करणाऱ्यांत हार्वर्डचे एझ्रा व्होगेल आणि अँड्र्यू गॉर्डन होते. तानाका निधी घेतलेल्या विद्यापीठातील माणसे अशी बोलू शकली, कारण नेमणुका आणि विषय विद्यापीठाच्या हाती होते. निधी स्वीकारताना पाहायची बाब हीच.

भारतात दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि शांतिनिकेतन ही जुनी केंद्रे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभागात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवली जाते, आणि जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचे केंद्रही शहरात आहे. विद्यार्थ्यांचा मोठा ओढा मात्र जपानी कंपन्या आणि सॉफ्टवेअरमधील नोकऱ्यांकडे असतो. जपानचा इतिहास किंवा राजकारण हा संशोधनाचा विषय म्हणून निवडणारे फार थोडे. सप्टेंबर २०१७ मध्ये भारत आणि जपान यांनी करार करून पाच वर्षांत १०० उच्च शिक्षणसंस्थांत जपानीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि १,००० शिक्षकांचे प्रशिक्षण असे उद्दिष्ट ठरवले. हा करार भाषाशिक्षणापुरता होता.