क्षयजीवाणूचे महाभक्षी पेशीतील वास्तव्य

क्षयजीवाणूचे महाभक्षी पेशीतील वास्तव्य : शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून मारणे हे ज्या पेशीचे काम, तिच्याच आत क्षयरोगाचा जीवाणू राहतो, खातो आणि वाढतो. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जीवाणूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. तो पेशीत टिकतो कसा, हे मात्र उमगायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि त्यातला बराच भाग अजूनही संशोधनाधीन आहे.

रुग्णाच्या खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण श्वासावाटे दुसऱ्याच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तेथील महाभक्षी पेशी, म्हणजेच मॅक्रोफेज, त्यांतील जीवाणू गिळतात. गिळलेला जंतू पटलाच्या एका पिशवीत बंद होतो. तिला फॅगोसोम म्हणतात. एरवी या पिशवीचे रूप झपाट्याने पालटते. तिच्या पटलात प्रोटॉन आत ढकलणारे पंप बसतात, आतील वातावरण आम्लधर्मी होते आणि अखेर पाचक विकरांनी भरलेले लायसोसोम तिच्यात मिसळतात. तेथील सामू (आम्लता दाखवणारा अंक; तो जितका कमी, तितकी आम्लता अधिक) ४.५ ते ५ इतका खाली असतो. बहुतेक जीवाणूंचा शेवट येथेच होतो.

क्षयजीवाणू ही प्रक्रिया अर्ध्यावर रोखून धरतो. आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या ब्रिटिश संशोधकांनी १९७१ मध्ये हे दाखवले. त्यांनी उंदराच्या महाभक्षी पेशींतील लायसोसोममध्ये फेरिटिन हे लोहयुक्त प्रथिन खूण म्हणून भरले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे काळे ठिपके दिसतात. ज्या पिशव्यांतील जीवाणू खराब झालेले होते, त्यांत हे ठिपके उतरले होते. धडधाकट जीवाणू असलेल्या पिशव्या बहुतांशी कोऱ्या राहिल्या. पुढे १९७५ मध्ये त्यांनी जीवाणूंवर प्रतिपिंडांचा लेप दिला, तेव्हा लायसोसोम मिसळले, पण जीवाणू तरीही जगले. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पिशवीचे परिपक्व होणे थांबवणे हा या जीवाणूचा एकमेव बचाव नव्हे, हे त्यातून कळते.

ही अडवणूक अनेक रेणू मिळून करतात. जीवाणूच्या भित्तीतील लायपोअरॅबिनोमॅनन हा शर्करा-मेद रेणू आणि त्याने सोडलेले सॅप-एम हे विकर, दोघेही पिशवीच्या पटलावरील एका फॉस्फेटयुक्त मेदाचे प्रमाण कमी ठेवतात. या मेदाच्या खुणेविना पुढच्या टप्प्याची प्रथिने पटलावर जमत नाहीत. परिणामी सुरुवातीच्या टप्प्याचे रॅब-५ हे प्रथिन पटलावर टिकून राहते, पुढच्या टप्प्याचे रॅब-७ नीट येत नाही, प्रोटॉन पंपही बसत नाहीत आणि सामू ६.२ ते ६.४ च्या आसपास अडकतो. अशी अपक्व पिशवी पेशीच्या बाहेरून येणाऱ्या लोहाच्या वाटेवर राहते, हा जीवाणूचा आणखी एक लाभ. मायकोबॅक्टिन नावाच्या रेणूंनी तो हे लोह खेचून घेतो.

संसर्ग पुढे सरकला की ईएसएक्स-१ ही जीवाणूची प्रथिने बाहेर सोडणारी स्रवणयंत्रणा पिशवीच्या पटलाला इजा करते आणि काही जीवाणू थेट पेशीद्रवाच्या संपर्कात येतात. या यंत्रणेचे महत्त्व क्षयावरील बीसीजी लशीने ठळक केले. काल्मेत आणि गेरँ यांनी गाईंना होणाऱ्या क्षयाचा जीवाणू पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर १९०८ ते १९२१ या काळात २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवला. त्या ओघात जनुकांचा जो तुकडा गळला, त्यात याच यंत्रणेची जनुके होती. लशीतील जीवाणू सौम्य झाला, त्याचे हे एक मोठे कारण.

पेशीच्या आत साखर जेमतेम मिळते, म्हणून जीवाणू मेदावर जगतो. १९९८ मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय मालिका वाचली गेली, तेव्हा सुमारे ४,००० जनुकांपैकी अडीचशेच्या आसपास मेदाच्या चयापचयाशी निगडित निघाली. पेशीतील कोलेस्टेरॉलही तो वापरतो. मेदाम्लांवर गुजराण करण्यासाठी लागणारे आयसोसायट्रेट लायेज हे विकर काढून टाकलेले जीवाणू उंदरांत सुरुवातीला नेहमीसारखे वाढतात, पण दीर्घकाळ तग धरू शकत नाहीत.

टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेल्या गॅमा इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनामुळे महाभक्षी पेशी चेतते आणि पिशवीच्या परिपक्वतेची ही कोंडी बऱ्याच अंशी फोडते. मग जीवाणूंभोवती पेशींचा दाट गोळा, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तयार होतो. तेथे प्राणवायू कमी पडतो. अशा वेळी डॉस-आर या नियामकाच्या हुकमावरून पन्नासेक जनुके जागी होतात आणि जीवाणूची वाढ मंदावते. सुप्त संसर्ग तो हाच. एचआयव्हीने टी पेशी घटल्या की तो उफाळतो.

इतर जीवाणूंनी वेगळ्या वाटा काढल्या आहेत. लिस्टेरिया पिशवी फोडून लगेच बाहेर पडतो. कॉक्सिएला तर आम्लधर्मी पिशवीतच वाढतो.

उपचार महिनोन्‌महिने का चालतो, याचे उत्तर या वास्तव्यात आहे. मंदावलेल्या जीवाणूंवर बहुतेक औषधांचा प्रभाव कमी पडतो. खोकला थांबला, बेडका तपासणीत जंतू दिसेनासे झाले, तरी ते संपलेले नसतात. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, आणि गोळ्या मध्येच सोडल्याने रोग उलटण्याचा धोका येथे रोजच्या अनुभवाचा आहे. पायराझिनामाइड हे औषध आम्लधर्मी वातावरणात अधिक प्रभावी ठरते, म्हणून चेतलेल्या पेशींतील व ग्रॅन्युलोमातील जीवाणूंसाठी ते मोलाचे.

आयसोनियाझिडची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९५२ पासून वापरात असलेले हे औषध मुळात निष्क्रिय असते. महाभक्षी पेशी सोडत असलेल्या पेरॉक्साइडपासून जीवाणूचा बचाव करणारे कॅट-जी हे विकरच त्याला विषारी रूप देते. कॅट-जी पुरते गमावले तर औषध निकामी होते, पण पेरॉक्साइडपुढे जीवाणू उघडा पडतो. रुग्णांत सर्वाधिक आढळणारा प्रतिरोधक बदल या विकरातील ३१५ व्या स्थानी असतो. त्यात औषध सक्रिय करण्याची क्षमता जाते आणि पेरॉक्साइड नष्ट करण्याची क्षमता बरीचशी शिल्लक राहते.