हिरवळीच्या जागी बहुवर्षायू बाग (दख्खन पठार)

घरापुढची लॉन काढून तिथे अनेक वर्षे टिकणारी, कमी पाण्यात तगणारी झुडपे, कंद आणि उंच गवते लावण्याची पद्धत. पुणे, नाशिक, सातारा भागातल्या बंगल्यांसाठी ती विशेष सोयीची आहे. उन्हाळ्यात हिरवळीला रोज साधारण 5 मिमी, म्हणजे चौरस मीटरमागे 5 लिटर पाणी लागते. 50 चौरस मीटरला 250 लिटर झाले, आणि तेही ऐन टँकरच्या दिवसांत.

अशा बागा बहुधा फसतात त्या जुने गवत नीट न मेल्यामुळे. हरळीची खोडे जमिनीखाली पसरतात आणि पेरापेराला फुटतात. कुदळीने तुकडे करून तिथेच सोडले, तर हरळी दुप्पट जोमाने येते. लव्हाळ्याच्या गाठी त्याहून चिवट. एप्रिलमध्ये गवत खरडून 20–25 सेंमी खणावे, मुळ्या व गाठी हाताने वेचाव्यात. मग जमीन सपाट करून भरपूर भिजवावी, 25 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद ताणून अंथरावा आणि कडा मातीत गाडाव्यात. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातली मुळे व बरेचसे तणबी उष्णतेने मरते. खोलवरच्या गाठी मात्र वाचतात, म्हणून पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस थांबून जे उगवेल ते उपटावे आणि मगच लागवड करावी. पुठ्ठे अंथरण्याचा परदेशी उपाय इथे बेभरवशाचा: पुठ्ठ्याला वाळवी लागते आणि लव्हाळा त्यातूनही टोक काढतो.

चौरस मीटरला दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळावे. काळ्या मातीत पाणी साचून कंद सडतात, तेव्हा वाफे 15 सेंमी उंच करावेत. कडेला पावसाळी लिली व लसण्या (लसणाच्या वासाची तुलबाघिया) 20–30 सेंमीवर, मध्ये अबोली 45 सेंमीवर, मागे कोरांटी, निळा चित्रक आणि वाळा 60 ते 75 सेंमीवर. 30 सेंमी अंतराने चौरस मीटरला 11 रोपे बसतात, 60 सेंमीने जेमतेम 3. खर्च वाचवायला विरळ लावले की मोकळ्या जागेत गाजरगवत शिरते. वेडेलिया ही पिवळ्या फुलांची सरपटणारी वनस्पती स्वस्त मिळते आणि झटपट पसरते. पेराला मुळे धरून ती सगळी बाग गिळते, म्हणून ती नकोच.

रोपांमध्ये 5–7 सेंमी पालापाचोळा किंवा उसाचे पाचट घालावे, पण ते बुंध्याला टेकू देऊ नये. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा खोल पाणी लागते. दुसऱ्या वर्षापासून जमिनीप्रमाणे आठ ते पंधरा दिवसांनी पुरते. रोज थोडे शिंपडल्यास मुळे वरच राहतात आणि रोपे कायमची पाण्याची मिंधी होतात. कोरांटीची छाटणी फुले संपल्यावर करावी. मुले खेळतात तेवढा तुकडा हिरवळीचाच ठेवणे शहाणपणाचे, कारण यातले काहीही तुडवणे सोसत नाही.

पावसाळ्यात लिलीवर काळ्या, ठिपक्यांच्या अळ्या थव्याने येतात आणि पाने बुडापर्यंत फस्त करतात. त्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. कंद शाबूत असेल तर नवी पाने येतात.