हृदयस्नायुविकारांतील प्रतिमातपासणी

हृदयाचा स्नायू जाड होणे, ताणून पातळ पडणे, कडक होणे किंवा त्यात परके द्रव्य साचणे अशा आजारांना हृदयस्नायुविकार अर्थात कार्डिओमायोपॅथी म्हणतात. शरीरात नळी न घालता वा स्नायूचा तुकडा न काढता त्यांचे निदान आता बरेचदा चित्रांवरून होते.

सुरुवात एकोने होते. ध्वनिलहरींनी धडधडते हृदय टिपण्याचे तंत्र १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हेर्ट्झ यांनी आणले. एको झाला की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, ‘पंपिंग किती टक्के?’ म्हणजे डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकले जाते. प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे. स्नायू जाड होऊन पोकळी आक्रसली, तर आजार असूनही हा आकडा उत्तम येतो. म्हणून भिंतीची जाडी मोजावीच लागते. प्रौढात ती १५ मिमी किंवा जास्त भरली आणि रक्तदाब वा झडपेचा दोष त्याला पुरेसे कारण नसेल, तर अतिवृद्धी, म्हणजे स्नायू जाड होण्याच्या प्रकाराचे निदान होते. सख्ख्या नात्यात आजार असल्यास १३ मिमी पुरते.

एको आकार आणि हालचाल दाखवतो. स्नायूच्या आत काय घडले आहे हे एमआरआय अधिक स्पष्ट सांगतो. शिरेतून गॅडोलिनियम हे चित्रात उठून दिसणारे द्रव्य देऊन साधारण दहा मिनिटांनी पुन्हा चित्र घेतात. निरोगी स्नायूतून ते एव्हाना बरेचसे निघून गेलेले असते, चट्ट्यात मात्र रेंगाळते. काळ्या भिंतीत पांढरा पट्टा उमटतो. तो कोठे आहे, यातच बरेचसे उत्तर असते: आतल्या कडेला चिकटलेला पट्टा रक्तवाहिनी तुंबल्याची खूण, तर भिंतीच्या मधोमध धावणारा बहुधा स्नायूच्याच आजाराचा. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत हृदयात साचलेले लोहही एमआरआयने मोजता येते.

सर्वांत मोठा पालट अमायलॉइडच्या, म्हणजे हृदयात विकृत प्रथिन साचण्याच्या आजाराच्या निदानात झाला. ते प्रथिन कोणते, यावरून त्याचे प्रकार पडतात. हाडांच्या स्कॅनसाठीचे टेक्नेशियमयुक्त (किरणोत्सारी) द्रव्य ट्रान्सथायरेटिन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाच्या प्रकारात हृदयातच साठते. ठळक रुग्णात हृदय फासळ्यांपेक्षा उजळ दिसते. मात्र रक्त आणि लघवीत मोनोक्लोनल प्रथिन (एकाच पेशीच्या वंशातून बनलेले एकसारखे प्रतिपिंड किंवा त्याचा तुकडा) नाही, याची खात्री झाल्याशिवाय बायोप्सी, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासणे, टाळू नये. अशा प्रतिपिंडांचे तुकडे साचणाऱ्या ‘हलक्या साखळी’च्या प्रकारातही स्कॅन कधी उजळतो, आणि त्याचे उपचार सर्वस्वी वेगळे व तातडीचे असतात.

सार्कॉइडोसिस या अवयवांत सुजेच्या गाठी आणणाऱ्या आजारासाठी पेट स्कॅन करतात; त्यात किरणोत्सारी ग्लुकोज देऊन ते कोठे ओढले जाते ते पाहतात. त्याआधी पिष्टमय पदार्थ आणि साखर कटाक्षाने वर्ज्य करावी लागते. नाहीतर निरोगी स्नायूही ग्लुकोज ओढून घेतो आणि सूज कोणती, हे ओळखू येत नाही.