डेटाबेस प्रशासक-प्रवेशाची पुनर्प्राप्ती

व्यवसायाच्या डेटाबेसवरील सर्वोच्च अधिकाराच्या खात्याचा पासवर्ड हरवला, कोणालाच आठवेनासा झाला किंवा तो ठाऊक असलेली एकमेव व्यक्ती नोकरी सोडून गेली, तर तो अधिकार मूळ मालकाच्या ताब्यात परत आणण्याची प्रक्रिया. डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे खाते ‘एसए’, ओरॅकलमध्ये ‘सिस’ व ‘सिस्टिम’, मायएसक्यूएलमध्ये ‘रूट’ आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सहसा ‘पोस्टग्रेस’ या नावाने असते. पासवर्ड गेल्याचे पुष्कळदा फार उशिरा लक्षात येते. बिले निघत असतात, साठ्याच्या नोंदी होत असतात, कारण रोजचे सॉफ्टवेअर स्वतःच्या वेगळ्या खात्याने डेटाबेसला जोडलेले असते. नवा वापरकर्ता जोडायचा, बॅकअपचे वेळापत्रक बदलायचे किंवा सर्व्हर हलवायचा म्हटले की अडते.

जुना पासवर्ड शोधून काढणे हा यावरचा मार्ग नव्हे. डेटाबेस पासवर्ड साठवतच नाही. साठवतो तो त्याचा हॅश, म्हणजे एकाच दिशेने चालणाऱ्या गणिताचे फलित. त्यात ‘सॉल्ट’, म्हणजे प्रत्येक खात्यासाठी वेगळी यादृच्छिक अक्षरे, मिसळण्याची पद्धत रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीसंबंधीच्या 1979 च्या लेखात मांडली. दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तरी सॉल्टमुळे त्यांचे हॅश वेगळे दिसतात आणि पासवर्ड व त्यांच्या हॅशचे आधीच तयार करून ठेवलेले तक्ते निकामी ठरतात. एसक्यूएल सर्व्हर 2012 च्या आवृत्तीपासून एसएचए-512 ही हॅशची पद्धत वापरतो. चांगला लांब पासवर्ड अशा हॅशमधून उलगडणे व्यवहारात शक्य नसते. म्हणून ‘पासवर्ड काढून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमच्या हाती कंपनीचा सगळा हिशेब देण्याआधी अधिकृत मार्ग वापरावा. तो जवळजवळ प्रत्येक प्रणालीत आहे.

हा मार्ग एका साध्या तत्त्वावर उभा आहे: ज्याच्या ताब्यात यंत्र, त्याच्या ताब्यात डेटाबेस. फाइल्स कार्यप्रणालीच्या (विंडोज, लिनक्स यांसारख्या मूळ सॉफ्टवेअरच्या) हाती असतात आणि डेटाबेसची सर्व्हिस, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम, चालू-बंद करणेही तिच्याच हाती असते. त्यामुळे डेटाबेस आपल्या खालच्या थरातील प्रशासकाला खरा मालक मानतो. पुनर्प्राप्ती म्हणजे त्या थरावरचा आपला हक्क सिद्ध करून तिथून वर येणे.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे अगदी स्पष्ट दिसते. 2008 च्या आवृत्तीपासून विंडोजचे स्थानिक प्रशासक आपोआप ‘सिसॲडमिन’ (डेटाबेस सर्व्हरवर पूर्ण अधिकार असलेली भूमिका) होत नाहीत. मात्र सर्व्हिस थांबवून ‘-एम’ हा प्रारंभ-पर्याय देऊन ती एकल-वापरकर्ता अवस्थेत सुरू केली, की स्थानिक प्रशासक गटातील सदस्याला सिसॲडमिनचा अधिकार मिळतो. मग नवे लॉगिन तयार करून त्याला ती भूमिका द्यायची किंवा ‘एसए’चा पासवर्ड बदलायचा, एवढेच काम उरते. अडचण येते ती वेगळीच. या अवस्थेत कनेक्शन एकच मिळते आणि पुष्कळदा ते दुसरेच कोणीतरी पटकावते: एसक्यूएल एजंट (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सेवा), रिपोर्टिंग सेवा किंवा दर काही सेकंदांनी जोडणीचा प्रयत्न करणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर. मग प्रशासकाला त्रुटी क्रमांक 18461 दिसतो: सर्व्हर एकल-वापरकर्ता अवस्थेत आहे, एकाच प्रशासकाला जोडता येईल. घाबरलेला माणूस इथे आपले खातेच बिघडले असे समजतो. प्रत्यक्षात एजंट बंद करावा, ॲप्लिकेशनचे सर्व्हर थांबवावेत आणि ‘-एम’ला जोडून ‘एसक्यूएलसीएमडी’ या आज्ञा टाइप करण्याच्या साधनाचे नाव द्यावे, म्हणजे तेवढ्याच साधनाला प्रवेश मिळतो. काम झाल्यावर हा पर्याय काढून सर्व्हिस पुन्हा सुरू करायला विसरू नये.

ओरॅकलमध्ये बंद-चालू करण्याचीही सहसा गरज पडत नाही. कार्यप्रणालीच्या ‘डीबीए’ गटात असलेली व्यक्ती पासवर्डशिवाय ‘सिसडीबीए’ या सर्वोच्च अधिकाराने आत जाते. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद केली असेल, तर ‘ओरापीडब्ल्यूडी’ या साधनाने पासवर्ड-फाइल नव्याने तयार करता येते.

मायएसक्यूएलमध्ये ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ हा पर्याय प्रसिद्ध आहे, पण तो धोक्याचा आहे. त्यात अधिकार-तपासणीच बंद होते आणि जो जोडेल त्याला सगळे खुले होते. 8.0 आवृत्तीत हा पर्याय दिला की नेटवर्कवरून येणारी जोडणी आपोआप बंद राहते. जुन्या आवृत्तीत ती स्वतः बंद करावी लागते. या अवस्थेत पासवर्ड बदलण्याची आज्ञा थेट दिली तर सर्व्हर ती नाकारतो. आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ देऊन अधिकारांचे तक्ते वाचून घ्यावे लागतात. त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे पासवर्ड बदलण्याची आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ती ‘इनिट-फाइल’ म्हणून सर्व्हरला सुरू होताना देणे. त्या फाइलमध्ये नवा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, तेव्हा ती लगेच नष्ट करावी.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रवेशाचे नियम ‘पीजी_एचबीए’ फाइलमध्ये असतात. स्थानिक जोडणीसाठी तिथे ‘पीअर’ (कार्यप्रणालीतील खात्याच्या नावावरूनच ओळख पटवणारा नियम) असेल, तर कार्यप्रणालीच्या ‘पोस्टग्रेस’ खात्यातून सरळ आत जाता येते. नसेल तर तात्पुरता तसा नियम लिहून सेटिंग पुन्हा वाचायला लावायचे. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा नियमच लागू होतो. त्यामुळे नवी ओळ फाइलच्या तळाशी लिहिली तर बहुधा काहीच बदलत नाही.

क्लाउडवरील व्यवस्थापित डेटाबेसमध्ये खालचे यंत्र ग्राहकाच्या हाती नसते. तिथे सेवादात्याचे खाते हाच खालचा थर. ॲमेझॉन आरडीएस किंवा अझ्युर एसक्यूएलमध्ये मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड कन्सोलवरून, म्हणजे सेवादात्याच्या नियंत्रण-पानावरून, बदलता येतो. साहजिकच ते क्लाउड खाते एखाद्या गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर असेल, तर खरा प्रश्न डेटाबेसचा उरतच नाही.

एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात डेटा ठेवणे, आले की यंत्राच्या ताब्याचे हे तत्त्व संपते, आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. एसक्यूएल सर्व्हरच्या पारदर्शक एन्क्रिप्शनमध्ये चालू सर्व्हरवर प्रशासक-प्रवेश परत मिळाला, तर एन्क्रिप्शनची किल्ली जपणाऱ्या प्रमाणपत्राचा नवा बॅकअप घेता येतो. पण सर्व्हरच नष्ट झाला आणि हाती फक्त डेटाचा बॅकअप उरला, तर त्या प्रमाणपत्रावाचून तो उघडत नाही. 2016 पासून आलेल्या ‘ऑलवेज एन्क्रिप्टेड’ पद्धतीत किल्ल्या सर्व्हरवर उघड्या कधीच नसतात. अशा स्तंभांतील मजकूर सिसॲडमिनलाही वाचता येत नाही. पासवर्ड बदलता येतो, हरवलेली किल्ली नव्याने घडवता येत नाही.

प्रवेश मिळाल्यावरचे कामही काळजीचेच. जुना पासवर्ड एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो, आणि तो बदलताच रात्रीची आयात किंवा बॅकअपची कामे गपचूप बंद पडतात. काही सॉफ्टवेअर चुकीच्या पासवर्डने पुन्हा पुन्हा प्रयत्न करून खातेच लॉक करून टाकते. म्हणून मूळ खात्याला हात न लावता नवे प्रशासक-खाते तयार करणे आणि कोणते काम कशावर अवलंबून आहे ते पाहून मगच जुने बदलणे अधिक शहाणपणाचे. रिकामा पासवर्ड तात्पुरताही ठेवू नये. मे 2002 मध्ये पसरलेला ‘स्पिडा’ हा वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम) रिकाम्या पासवर्डच्या ‘एसए’ खात्यांतूनच शिरला होता.

हीच पावले चोरही उचलू शकतो. त्यामुळे पुनर्प्राप्तीला व्यवस्थापनाची लेखी संमती असावी, दोन माणसे हजर असावीत आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहावी. एसक्यूएल सर्व्हरच्या त्रुटी-नोंदवहीत प्रारंभ-पर्याय लिहिले जातात, तेव्हा नंतर तपासणाऱ्याला ‘-एम’ दिसणारच.

अधिकार एकाच माणसाकडे साचला की काय होते, हे 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने अनुभवले. तिथे प्रश्न डेटाबेसचा नव्हता, शहराच्या फायबरवॅन नेटवर्कचा होता. नेटवर्क सुरळीत चालू होते, पण त्याचे पासवर्ड ठाऊक असलेल्या अभियंत्याने ते देण्यास नकार दिला होता. अटकेनंतर त्याने ते तुरुंगात भेटायला आलेले महापौर गॅविन न्यूसम यांच्याच हवाली केले. आता अनेक संस्था आणीबाणीचे एक वेगळे प्रशासक-खाते ठेवतात. त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात किंवा पासवर्ड-तिजोरीत असतो, तो उघडला की वरिष्ठांना सूचना जाते आणि वापर झाल्यावर तो बदलला जातो. हे खाते ठरावीक काळाने प्रत्यक्ष वापरून पाहिले जाते, कारण पासवर्डची मुदत संपलेली असेल तर ते पाहिल्याशिवाय कळत नाही.